सिस्टरवर हात उगारला जातो तेव्हा: आधी, त्या क्षणी आणि नंतर काय करायचे

रुग्ण खाटेवरून घसरला की वॉर्डात एकदम धावपळ सुरू होते. डॉक्टरला फोन जातो, बीपी घेतला जातो, डोळ्यांवर टॉर्च मारला जातो. घटना नोंदीचा फॉर्म निघतो आणि त्यात वेळ, साक्षीदार, खाटेचे कठडे वर होते की खाली, सगळे लिहिले जाते. त्याच वॉर्डात नातेवाइकाने सिस्टरला ढकलले तर तिला खुर्चीत बसवतात, ग्लासभर पाणी देतात आणि दहा मिनिटांनी ती सहाची इंजेक्शने भरायला उभी राहते. कागदावर काहीच येत नाही. पुढच्या पाळीला तोंडी निरोप जातो, "बारा नंबरच्या आजींचा मुलगा जरा तापट आहे, सांभाळून."

दुसरी घटनाही पहिलीइतकीच गंभीरपणे घ्यावी, तिचीही तपासणी, नोंद आणि कारणमीमांसा व्हावी, एवढेच मला सांगायचे आहे. हे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर गोव्यातल्या स्टाफ नर्स आणि वॉर्ड इन्चार्ज आहेत. त्या बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात असोत, म्हापसा-मडगावच्या जिल्हा रुग्णालयांत, वाळपई-काणकोणच्या आरोग्य केंद्रांत किंवा चार खोल्यांच्या खासगी नर्सिंग होममध्ये. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ८ ते ३८ टक्के आरोग्य कर्मचाऱ्यांना नोकरीच्या काळात कधी ना कधी शारीरिक हिंसा सोसावी लागते. शिव्या आणि धमक्या यात धरलेल्या नाहीत. त्या धरल्या तर वॉर्डात उरणार कोण, हे आपल्याला ठाऊक आहे.

पहिले काम: आपल्या वॉर्डाचा नकाशा काढा

"हल्ली लोकच बिघडलेत" असे म्हटले की करण्यासारखे काही उरत नाही. म्हणून आधी घटना वेगवेगळ्या करा. हात कोणाचा उठला यावर उपाय ठरतो.

एक प्रकार आजारामुळे हिंसक झालेल्या रुग्णाचा. साखर उतरलेला मधुमेही, ऑक्सिजन कमी पडलेले आजोबा, डोक्याला मार लागलेला बाइकस्वार, दारू सुटल्यामुळे तिसऱ्या दिवशी भिंतीवर किडे दिसू लागलेला माणूस. यांना पोलिसांआधी उपचार हवेत. दुसरा प्रकार नातेवाइकांचा. यात भीती असते, थांबून थांबून आलेला वैताग असतो, आणि कधीकधी निव्वळ गुर्मी असते. तिसऱ्या प्रकाराविषयी फार कुजबुजत बोलले जाते, तो म्हणजे आपल्यातलेच कोणी. ओरडणारा वरिष्ठ, अंगचटीला येणारा सहकारी, नव्या मुलीला सर्वांदेखत रडवणारी इन्चार्ज. मुंबईच्या केईएम रुग्णालयात २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अरुणा शानबाग या परिचारिकेवर हल्ला करणारा त्याच रुग्णालयाचा कर्मचारी होता. त्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, तिची शुश्रूषा तिथल्याच परिचारिकांनी केली. सुरक्षेची चर्चा फक्त गेटवरच्या गार्डपुरती ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

आता ड्युटी रूममध्ये एक साधा कागद लावा. त्यावर महिनाभर प्रत्येक घटनेची फक्त चार गोष्टींत नोंद करा: वाजले किती, जागा कोणती, समोर कोण, आणि वाद कशावरून. नाव नको, दोष नको. महिनाअखेरीस कागद स्वतःच बोलू लागतो. बऱ्याच वॉर्डांत घटना भेटीची वेळ संपताना, पाळी बदलताना आणि रात्री दहा-अकराच्या सुमारास एकवटलेल्या दिसतील. शेवटची कदंब बस चुकली, खाली गार्ड वर सोडत नाही, पेशंटजवळ दोघांना थांबायचे आहे आणि पास एकच आहे, असा तो तास असतो. गोमेकॉत तर सावंतवाडी, दोडामार्ग, कारवारहून आलेली माणसे असतात. त्यांना घरी जाऊन सकाळी या म्हणणे सोपे नसते. किनारपट्टीच्या केंद्रांत हंगामातल्या शनिवार-रविवारच्या रात्री वेगळ्याच. दारू प्यालेला जखमी, त्याच्याबरोबर तितकेच प्यालेले चार मित्र, आणि टाके कोणाला आधी घालायचे यावरून भांडण.

माहिती वेळेवर द्या, निम्मी भांडणे तिथेच मिटतात

या भागात जरा रेंगाळणार आहे, कारण फायदा सर्वांत जास्त इथेच आहे आणि खर्च जवळजवळ नाही.

माणसे थांबायला तयार असतात. पण किती थांबायचे आणि कशासाठी, हे कोणीच सांगत नाही म्हणून ती पेटतात. कॅज्युअल्टीत मागून आलेल्याला आधी आत घेतले की बाकावरच्यांना वशिलेबाजी वाटते. आत गेलेल्याच्या छातीत कळ आहे हे त्यांना कुठून कळणार? म्हणून नोंदणीच्या वेळीच एक वाक्य बोलायचे: "इथे नंबराने नाही, ज्याच्या जिवाला धोका जास्त त्याला आधी घेतात. तुमच्या माणसाला आत्ता तसा धोका नाही, पण वेळ लागेल. काही बदल वाटला तर लगेच मला सांगा." हे मराठी, कोंकणी, हिंदी आणि कन्नडमध्ये फलकावर लिहून लावावे, पण फलक लावला म्हणून तोंडाने सांगणे थांबवू नये.

वॉर्डात प्रत्येक पाळीत ठरलेल्या वेळी नातेवाइकांकडे एक फेरी मारा. सांगण्यासारखे नवीन काही नसले तरी जा. "रक्ताचा रिपोर्ट अजून आला नाही, चारपर्यंत येईल, आला की डॉक्टर बोलतील" एवढे पुरते. मात्र चारची वेळ दिली तर चारला परत जाऊन "अजून आला नाही" हेही सांगावे लागते. खोटी वेळ देऊन सुटका करून घेण्याची सवय अनेकींना असते. ती वेळ टळून गेली की जो भडका उडतो तो बहुधा पुढच्या पाळीतल्या मुलीच्या अंगावर येतो.

ज्याच्या त्याच्या भाषेत बोला. बार्देशातली म्हातारी घाबरली की कोंकणीच बोलते, तिला "मातशें रावात, हांव आतां येतां" म्हटले की ती बसते. "थांबा हो, दिसत नाही का काम चाललेय" म्हटले की तिचा मुलगा उठतो. वयस्कर पुरुषाला बाब, बाईला मावशी किंवा बाय, तरुणाला दादा. ही हाक तोंडात असली की आवाज आपोआप खाली येतो, आपलाही आणि समोरच्याचाही. खाट नंबरने माणसाचा उल्लेख त्याच्या नातेवाइकासमोर कधीही करू नये.

एका कुटुंबासाठी बोलायला एकच माणूस ठरवून घ्या आणि त्याचे नाव फाइलवर लिहा. मुंबईहून उतरलेला मेहुणा पहाटे येऊन नव्याने सगळे विचारू लागतो तेव्हा याचा उपयोग कळतो.

मृत्यूची बातमी परिचारिकेने एकटीने देऊ नये. ते डॉक्टरचे काम आहे. तुम्ही सोबत असावे, दरवाजाच्या बाजूला उभे राहून, आणि शक्य तर कुटुंबाला बाजूच्या खोलीत बसवून. प्रकरण पोलीस केस असेल, शवचिकित्सा लागणार असेल, तर मृतदेह ताब्यात मिळायला वेळ का लागतो हे तेव्हाच स्पष्ट सांगून टाका. हे आधी न सांगितल्यामुळे शवागाराच्या दारात झालेले वाद मी पाहिले आहेत, आणि त्यातला राग खऱ्या अर्थाने कोणावरच नव्हता.

मग आमदाराचा फोन. आपले राज्य छोटे, विधानसभेत चाळीस जण, त्यामुळे प्रत्येकाच्या मोबाइलात कोणाचा तरी नंबर असतो. नातेवाईक फोन चालू करून तुमच्या कानाला लावतो, "घे, साहेबांशी बोल." फोन हातात घेऊ नका. "साहेबांनी मेडिकल ऑफिसरशी बोलावे, मी त्यांना बोलावते" म्हणायचे आणि खरोखर बोलवायचे. फोनवरच्या अनोळखी आवाजाला रुग्णाची माहिती देण्याचा तुम्हाला अधिकार नाही, मग तो आवाज कोणाचाही असो. नंतर वहीत वेळ आणि कोणाचे नाव सांगितले ते लिहून ठेवायचे. ओरडणे फक्त नातेवाइकांकडून येते असेही नाही. जून २०२५ मध्ये आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी गोमेकॉच्या कॅज्युअल्टीत एका डॉक्टरला सर्वांदेखत, कॅमेरा चालू असताना झापले आणि निलंबित करण्यास सांगितले. डॉक्टर आंदोलनाला उतरले, निलंबन होणार नाही असे मुख्यमंत्र्यांनी जाहीर केले आणि मंत्र्यांनी माफी मागितली. चित्रफीत मात्र घरोघर पोहोचली होती, आणि कॅज्युअल्टीत कसे बोलले तरी चालते याचा धडा लोक अशाच ठिकाणाहून घेतात.

जागा आणि हाताशी असलेल्या वस्तू

हे भराभर. बोलताना तुम्ही दाराच्या बाजूला, समोरचा आत. खिशात कात्री उघडी नको. गळ्यात ओळखपत्राची दोरी असेल तर झटक्यात सुटणारी घ्या, स्टेथोस्कोप गळ्यात अडकवून वाद घालायला जाऊ नका. ड्रेसिंग ट्रॉली, सलाइनचा स्टँड, काचेच्या बाटल्या भांडणाच्या जागेपासून दूर सारा. रात्री औषधांच्या खोलीत एकटीने जाताना दुसरीला सांगून जा. मदतीचा इशारा ठरलेला असावा, आणि तो असा की ओरडावे लागू नये. "सिस्टर, निळी फाइल घेऊन या" यासारखे एखादे वाक्य चालेल, पण वॉर्डबॉय, सफाई कामगार आणि गार्ड सर्वांना ते ठाऊक हवे. घंटा बसवली असेल तर ती दर आठवड्याला दाबून पाहा.

पेटण्याआधीची लक्षणे

ऑस्ट्रेलियातल्या आपत्कालीन विभागात परिचारिकांचे निरीक्षण करून २००७ मध्ये पाच खुणा मांडल्या गेल्या: टक लावून पाहणे, चढता किंवा तिरकस आवाज, वाढती घालमेल, तोंडातल्या तोंडात पुटपुटणे आणि येरझाऱ्या. आपल्याला हे अनुभवाने कळते, पण नव्या मुलीला पाच गोष्टी मोजायला सांगितल्या की ती लवकर शिकते. दाखल रुग्णांसाठी नॉर्वेत तयार झालेली सहा मुद्द्यांची यादी आहे: गोंधळलेपण, चिडचिड, आरडाओरडा, अंगावर येण्याचा आव, तोंडी धमकी, वस्तूंची आदळआपट. प्रत्येकाला एक गुण. शून्य म्हणजे धोका कमी. एक-दोन म्हणजे सावध व्हा, काय करायचे ते ठरवा. तीन किंवा अधिक असतील तर डॉक्टरला बोलवा आणि त्या खाटेजवळ एकटे जाऊ नका. प्रत्येक पाळीत तापाच्या तक्त्यावरच हा आकडा लिहिता येतो, मिनिटभरही लागत नाही.

रुग्ण अचानक हिंसक झाला तर मनाशी क्रम पक्का असू द्या: साखर, ऑक्सिजन, डोके, दारू, ताप, भरलेले मूत्राशय. शेवटचे वाचून हसू येईल, पण कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, तुंबलेले आजोबा सिस्टरला चावायला धावतात आणि कॅथेटर मोकळे केले की झोपी जातात. दारू सुटल्याने येणारा तीव्र भ्रम साधारण शेवटच्या पेल्यानंतर दोन ते चार दिवसांत दिसतो, म्हणून दाखल करतानाच "शेवटचे कधी घेतले" हे विचारून ठेवा. शस्त्रक्रियेसाठी आलेला सज्जन गृहस्थ रोज किती घेतो हे घरचेही सांगत नाहीत. बांधून ठेवणे हा पहिला उपाय नव्हे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार मनोरुग्णाला बांधणे तेव्हाच मान्य आहे जेव्हा तातडीचा धोका टाळायला दुसरा मार्ग नसतो. तेही मानसोपचारतज्ज्ञाच्या मंजुरीने, गरजेपुरत्या वेळेसाठी आणि नोंद करून.

त्या क्षणी

हात उघडे आणि दिसतील असे, कमरेच्या वर. दोन हातांचे अंतर. समोरासमोर न उभे राहता किंचित तिरके. एकच जण बोलेल, बाकीच्या मागे राहतील. चार जणींनी एकदम समजावायला सुरुवात केली की त्या माणसाला घेरल्यासारखे वाटते.

आधी त्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत परत म्हणा. "सकाळपासून आईला कोणी बघितले नाही, म्हणून तुम्ही चिडलात." यात चूक कबूल केलेली नाही, फक्त ऐकले आहे. मग एक ठोस गोष्ट करा: "मी आत्ता तिचा बीपी घेते, तुम्ही इथे उभे राहून बघा." "शांत व्हा" हे दोन शब्द टाळा, त्यांनी आजवर कोणी शांत झालेले मला आठवत नाही. "नियम आहे" हेही एकटे वापरू नका, नियमामागचे कारण जोडा. मर्यादा सांगायची ती एकदाच, खालच्या आवाजात: "मी तुमच्याशी बोलणार आहे, पण शिवी दिलीत तर बोलणे थांबवून डॉक्टरना बोलवेन." दुसऱ्यांदा शिवी आली तर खरेच थांबा आणि निघा.

मोबाइल तोंडासमोर धरून चित्रण सुरू केले तर तो हिसकावू नका, त्या झटापटीचेच चित्रण पुढे फिरते. "इथे दुसरे रुग्ण आहेत, त्यांचे चेहरे येतात, बाहेर येऊन बोलूया" म्हणा आणि पडदा ओढा.

हात उठलाच तर निघा. ट्रॉली, फाइल, औषधांची किल्ली, काहीही वाचवायला थांबायचे नाही. रुग्णाला सोडून जाणे म्हणजे कर्तव्यात कसूर, ही भावना आपल्यात प्रशिक्षणापासून भिनलेली असते. पण जखमी परिचारिका उरलेल्या तीस खाटांच्या उपयोगाची नसते. पकडले गेल्यास धडपडून सुटण्याचे तंत्र प्रात्यक्षिकाशिवाय शिकता येत नाही, ते वाचून करू नका. रुग्णालयाकडे तसे प्रशिक्षण मागा. मदतीसाठी ११२.

पहिला तास, पहिला दिवस

इथेच पाण्याच्या ग्लासावर गोष्ट संपते, ती संपू द्यायची नाही. क्रम असा ठेवा.

जिला मार लागला तिची ड्युटी तिथेच थांबवा. "ठीक आहे मी, करते" असे ती म्हणेलच, तिचे ऐकू नका. तिच्या खाटा दुसरीला वाटून द्या आणि सहाच्या इंजेक्शनांवर दोघींची नजर असू द्या, कारण तो वॉर्ड त्या तासात चुका करणार आहे. तिला कॅज्युअल्टीत न्या, पोलीस केस म्हणून नोंद करून डॉक्टरकडून तपासणी करून घ्या. प्रत्येक ओरखडा मोजून लिहिला गेला पाहिजे. गालावरचा लाल वळ संध्याकाळपर्यंत राहत नाही, म्हणून तिच्या संमतीने लगेच फोटो काढा.

झटापटीत सुई टोचली किंवा चावा घेतला आणि रक्त आले तर वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवायचे, जखम पिळायची नाही. एचआयव्ही प्रतिबंधक औषधाचा निर्णय शक्यतो दोन तासांत व्हावा, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग धरत नाहीत. हिपॅटायटिस बी लसीचे डोस पूर्ण झालेत का ते पाहा. पोलिसांच्या गडबडीत ही गोष्ट सर्वांत आधी विसरली जाते.

मग लिहा. त्याच दिवशी, स्वतःच्या हाताने. शिव्या जशाच्या तशा लिहायच्या. "अपशब्द वापरले" असे सोवळे वाक्य नंतर कुठेच उपयोगी पडत नाही. कोण कुठे उभे होते, आधी काय घडले, कोणी पाहिले, किती वाजता कोणाला कळवले, हे सगळे यावे. साक्षीदारांनी आपापले वेगळे लिहावे, एकमेकींचे वाचून नव्हे. सीसीटीव्हीचे चित्रण राखून ठेवण्यासाठी प्रशासनाला लेखी अर्ज लगेच द्या, पोचपावती घ्या. बहुतेक यंत्रणांत जुने चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते.

पोलीस आणि कायदा

तक्रार कोणी करायची? शक्य तिथे संस्थेने. कोलकात्याच्या आरजी कर रुग्णालयात ड्युटीवरच्या डॉक्टर तरुणीवर बलात्कार आणि तिचा खून झाला, त्यानंतर केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने १६ ऑगस्ट २०२४ रोजी काढलेल्या सूचनेत ड्युटीवरील कर्मचाऱ्यावर हिंसा झाल्यास सहा तासांच्या आत संस्थेच्या वतीने एफआयआर करण्याची जबाबदारी संस्थाप्रमुखावर टाकली. आपल्या रुग्णालयाने हीच पद्धत लेखी स्वीकारली आहे का, ते आधीच विचारून ठेवा. एकट्या मुलीने रात्री ठाण्यात बसणे आणि रुग्णालयाच्या पत्रावर तक्रार जाणे यात फार फरक आहे. संस्था मागे सरली तरी तुमचा स्वतःचा हक्क जात नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कोणतीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती ठाण्याने नोंदवायची असते. इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिली तर तीन दिवसांत सही करायची. एफआयआरची प्रत मोफत मिळते. ठाण्याने नकार दिला तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठवता येते. विनयभंगासारख्या गुन्ह्यांत माहिती महिला अधिकाऱ्याने नोंदवायची असते.

गोव्यात वैद्यकीय सेवा कर्मचारी आणि संस्थांवरील हिंसाचाराला प्रतिबंध करणारा २०१३ चा स्वतंत्र कायदा आहे. अर्जात त्याचे नाव आवर्जून घाला, ठाण्यात तो सगळ्यांच्या लक्षात असतोच असे नाही. भारतीय न्याय संहितेत, जी १ जुलै २०२४ पासून लागू आहे, सरकारी सेवकाला कर्तव्यापासून रोखण्यासाठी दुखापत करणे कलम १२१ मध्ये आणि त्यासाठी बळ वापरणे किंवा अंगावर जाणे कलम १३२ मध्ये येते. सरकारी रुग्णालयातल्या परिचारिकांना ही कलमे महत्त्वाची. धमकीसाठी कलम ३५१, विनयभंगासाठी कलम ७४, लैंगिक छळासाठी कलम ७५. शेवटच्या प्रकारांत कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखाली अंतर्गत समितीकडेही तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करता येते. छळ करणारा कर्मचारी नसून बाहेरचा असला तरी कारवाईसाठी पाऊल उचलणे हे त्याच कायद्याने मालकाचे कर्तव्य आहे. खासगी नर्सिंग होममधल्या मुलींनी हे ध्यानात ठेवावे, कारण तिथे "पेशंट तुटेल" हे उत्तर तयार असते.

यानंतर गाव जागा होतो. "आमच्याच वाड्यावरचे आहेत." "चतुर्थी तोंडावर आलीय, पोराला आत टाकणार का?" "त्याची आई गेली, माफ करून टाक." मिटवायचे की नाही हे तिने ठरवायचे, इन्चार्जने नाही, मेट्रनने नाही, पंचानेही नाही. तिने मिटवायचे ठरवले तरी रुग्णालयाची घटना नोंद मागे घेतली जात नाही. तो वेगळा कागद आहे.

नंतरचे आठवडे: थकवा आणि शुश्रूषा

मार बरा होतो. जे उरते त्याचा परिणाम रुग्णापर्यंत पोहोचतो, आणि प्रशासनाला बहुधा हीच बाजू दाखवावी लागते.

ख्रिस्टिना मासलॅक यांनी १९८१ मध्ये बर्नआउट मोजण्याची जी प्रश्नावली मांडली तिच्यात तीन गोष्टी पाहिल्या जातात: भावना संपून जाणे, माणसे परकी वाटू लागणे, आणि आपल्या कामाला काही अर्थ नाही असे वाटणे. जागतिक आरोग्य संघटना याला आजार म्हणत नाही, कामाच्या जागी न हाताळलेल्या दीर्घ ताणाचा परिणाम म्हणते. हे फार बरे आहे, कारण मग दुरुस्ती कामाच्या जागेची करायची ठरते, फक्त मुलीला योगासने शिकवून भागत नाही.

वॉर्डात याची रूपे अशी दिसतात. ज्या खाटेवरून वाद झाला तिथली घंटा सर्वांत उशिरा ऐकू येते. तासाभराने बघायचे सलाइन दोन तासांनी बघितले जाते. दर दोन तासांनी कूस बदलायची ती कागदावर बदलते, आणि आठवड्याने माकडहाडावर लाली दिसते. दुखणे किती आहे हे विचारणे थांबते, कारण विचारले की बोलणे वाढते. दोघींनी तपासायचे इन्सुलिन एकटीच तपासते. हे आळसाने होत नाही. अंग त्या खाटेपासून दूर राहू पाहते. इस्रायलमध्ये झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नवजात अतिदक्षता विभागाच्या २४ पथकांना सरावासाठी एक प्रसंग दिला होता. ज्या पथकांना पाहुण्या तज्ज्ञाकडून उद्धट शेरे ऐकावे लागले, त्यांचे निदान आणि हातचे काम दोन्ही घसरले. तिथे कोणी हात उगारला नव्हता, नुसते बोलणे होते.

मनुष्यबळाचा मुद्दा इथेच जोडून मांडायचा. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या रुग्णालयांच्या २००२ च्या अभ्यासात प्रत्येक परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांच्या तीस दिवसांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी आणि परिचारिकांच्या बर्नआउटची शक्यता २३ टक्क्यांनी वाढलेली दिसली. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष सर्वसाधारण वॉर्डासाठी शिक्षण रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि इतरत्र पाच रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. रात्रपाळीला प्रत्यक्षात किती असतात ते तुमच्या ड्युटी चार्टवर लिहिलेले आहेच. रुग्ण जास्त, उत्तर द्यायला उशीर, नातेवाईक चिडलेला, सिस्टर दुखावलेली, मग सुट्टी, मग चार्टवर आणखी एक रिकामी जागा. हे चक्र कुठेही तोडता येते, पण नोंदच नसेल तर ते कोणाला दिसत नाही.

जिच्यावर प्रसंग आला तिच्यासाठी काय करायचे? पहिल्या दिवशी घरी एकटे पाठवू नका, विशेषतः स्कूटरवर. त्याच आठवड्यात इन्चार्जने तिच्याशी बोलावे आणि पहिला प्रश्न "तू काय बोललीस त्याला?" हा नसावा. सर्वांना गोल बसवून सक्तीने अनुभव सांगायला लावू नका. असे तातडीचे मानसिक उजळणी-सत्र जागतिक आरोग्य संघटनाही सुचवत नाही. तिला बोलायचे तेव्हा ऐकणारे कोणी असावे, एवढे पुरे. झोप उडणे, तेच दृश्य डोळ्यांसमोर येणे, ड्युटीला निघताना पोटात गोळा येणे हे पहिल्या काही दिवसांत बहुतेकींना होते आणि ओसरते. महिना उलटूनही राहिले तर मानसोपचारतज्ज्ञ हवा. आपण बांबोळीच्या मनोरुग्णालयात इतरांना पाठवतो, स्वतः जायला मात्र ओळखीचे लोक भेटतील म्हणून कचरतो. अशा वेळी टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्री-अपरात्रीही चालतो, तिथून सुरुवात करता येते.

तो नातेवाईक उद्या परत येणार आहे

हा प्रश्न मार्गदर्शिकांत सहसा नसतो, पण वॉर्डात सकाळी सातला हाच उभा राहतो. मारणारा माणूस बाहेर असला तरी त्याची आई अजून बारा नंबरवर आहे आणि तिला औषध द्यायचे आहे.

ज्या मुलीवर हात उठला तिला ती खाट देऊ नका, तिने मागितली तरी पहिले काही दिवस नको. त्या खाटेवर दोघींनी मिळून जायचे आणि इतर खाटांइतक्याच वेळा जायचे, फेऱ्यांची नोंद इन्चार्जने दुपारी स्वतः पाहायची. म्हातारीला मुलाविषयी काही बोलायचे नाही. तिने विषय काढला तर "ते मोठे लोक बघतील, तुम्ही गोळी घ्या." नातेवाईक येण्याआधी प्रशासनाने त्याच्याशी बोललेले असावे आणि लेखी अटी दिलेल्या असाव्यात: भेटीची वेळ, पास एकाचाच, गार्ड सोबत, बोलणे फक्त डॉक्टरशी. कुटुंबातल्या दुसऱ्या कोणाला पास देता आला तर तेच बरे. तो माफी मागायला आला तर ती त्या मुलीच्या इच्छेशिवाय तिच्यासमोर आणू नका. हात जोडून उभ्या असलेल्या माणसासमोर सर्वांदेखत "नाही" म्हणणे तिला शक्य नसते.

आणि दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात इन्चार्जने तो नकाशाचा कागद, घटना नोंदी, त्या महिन्यात पडलेले रुग्ण, औषधांच्या चुका, नवे बेडसोअर (पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) आणि रजा एका पानावर शेजारी शेजारी लिहून वैद्यकीय अधीक्षकांना द्याव्यात. सोबत एकच मागणी ठेवावी, पाच नकोत. रात्री दहा ते बारा एक जादा गार्ड, किंवा भेटीच्या वेळेत बदल, किंवा कॅज्युअल्टीत नातेवाइकांशी बोलायला एक माणूस. उत्तर लेखी मागावे, आले नाही तर पुढच्या महिन्याच्या पानावर तेही लिहावे.